पुण्याचा आवाज

टेलिफोनच्या बोर्डावर पिन चुकून भलत्याच भोकात घातली, म्हणून महिपती मला भेटला. मी मागत होते मुंबई, आणि कानात आलं पोलादपूर...

"बाई, आपण आज फार दमलेल्या दिसता," तो म्हणाला.

दिसता म्हणे. तारेवरून! मी "क्षमा करा" म्हणून पिन काढली. पण महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला वर्ष झालं होतं आणि तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

दमले तर होतेच. दिवसभर "नमस्कार, महाड, कोणता नंबर हवा?" असं गोड गोड बोलून घसा दुखायचा, जीव आंबून जायचा. तो आवाज माझा नव्हताच मुळी. नोकरी लागली तेव्हा पुण्याला तीन महिने शिकवलं. 'नाय' म्हटलं की तिथल्या बाई टेबलावर पेन्सिल आपटायच्या. संध्याकाळी ठकूबाई मावशीच्या घरी आले की मी तासभर कुणाशी बोलायची नाही. मावशीला वाटायचं, पोरीला दृष्ट लागली.

महिपती पोलादपूरच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होता. मग रोज अकराला तो मालकासाठी मुंबईचा कॉल मागायचा, आणि मुंबई लागेपर्यंत आमचं चालायचं... जेवलात का, सावित्री नदीला पाणी किती चढलं, असलंच काहीबाही. त्याचं बोलणंही कसं, इस्त्री केल्यासारखं. एकदा त्यानं विचारलं, आपण पुण्याच्या का? मी हो म्हणून बसले. मग तो म्हणाला, मी गिरगावचा. झालं! गिरगावच्या माणसाला गुडघाभर चिखलात भात लावणारी कापडे गावची शकू कशी दाखवायची? महाडला भेटायला येऊ का, असं त्यानं चारदा विचारलं. चारही वेळा मी काहीतरी निमित्त काढलं आणि घरी जाऊन रडले. आवडायला लागला होता मेला.

भाद्रपदातल्या एका शनिवारी तो म्हणाला, मालक मला मुंबईच्या ऑफिसात पाठवतोय, उद्या निघायचंय.

"आज तरी खरं सांगा... मी येऊ, की नको?"

नेमकी तेव्हाच लाइन खरखरायला लागली. कुठं तारेवर फांदी पडली असेल. त्याचा आवाज बुडत चालला. मी "आपला आवाज नीट येत नाही" म्हणतेय, पण ते त्याला कुठलं ऐकू जायला? शुद्ध बोलून ओरडता येत नाही. आमच्या वाड्यांतल्या बाया या डोंगरावरून त्या डोंगराला हाक घालतात, तोंडाशी हात धरून, शेवट लांबवून. मी तेच केलं.

"अवोऽऽ, मी पुण्याची नायऽऽ! कापड्याची हायऽऽ! शकू!"

एक्स्चेंजचे साहेब खुर्चीतून उठले. पलीकडून लांबून फक्त "...गोऽऽ" असं काहीतरी आलं आणि लाइन मेली.

संपलं, असं वाटलं मला. तरी ड्यूटी सुटल्यावर पाय एसटी स्टँडकडेच वळले. पोलादपूरची गाडी आली. छत्र्या, गोणी, वीसएक माणसं उतरली. मी त्याचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं, त्यानं माझं नाही. सगळे सारखेच भिजलेले. कुणाला विचारू? मी आपली खांबाला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूला एक काळासावळा, किडकिडीत माणूस थांबला. त्यानं तोंडाशी हात धरला.

"शकूऽऽ गोऽऽ! मी बी गिरगावचा नायऽऽ!"

अख्खा स्टँड वळून बघायला लागला. लाजेनं मरायला हवं होतं मी. पण माझाही हात तोंडाशी गेला.

"मंग कुठला रेऽऽ?"

"तुझ्या समोरच्या डोंगरावरचाऽऽ!"

मग तो जवळ आला आणि आम्ही हळू बोलायला लागलो. मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ती त्यानं सोडली. त्या रात्री मावशीशी मी पोटभर बोलले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच माझा घसा दुखत नव्हता.