पान सत्तेचाळीस

रविवारची पहिली घंटा व्हायची होती, तेवढ्यात चर्चचा रखवालदार अन्सेल्मोबाबा ओब्दुलियाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, माझी खोली गेली," एवढंच म्हणाला.

झालं होतं असं. गावात चालवलेलं अन्नछत्र, घरोघरच्या भेटी, या सगळ्यावर पाळक लेडेस्मांनी लिहिलेलं नवंकोरं पुस्तक शुक्रवारी छापून आलं होतं. पंचवीस प्रती. आज उपासनेनंतर त्या वाटायच्या होत्या. सकाळी प्रती ठेवलेलं कपाट उघडलं, तर प्रत्येक प्रतीतलं तेच एक पान कापलेलं. सत्तेचाळिसावं. किल्ली अन्सेल्मोकडे, म्हणून पाळकांच्या लेखी गुन्हेगार अन्सेल्मो. दुपारपर्यंत चर्चमागची खोली सोडायची होती, आणि बहात्तराव्या वर्षी त्याला दुसरं छप्पर नव्हतं.

ओब्दुलियाबाईंनी उलुआ नदीकाठच्या या गावाला चाळीस वर्षं अक्षरं शिकवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि निघाल्या.

कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं.

"काल किल्ली कुठं होती?"

"चुलीमागच्या खिळ्याला. शनिवारी जेवणं असतात, बाई. ताटं याच कपाटातून काढायला लागतात."

"आत कोण कोण होतं?"

"मी, उपासनेत मदत करणारा डीकन बाउदिलियो, आणि भाकऱ्या थापायला त्रान्सितो."

पाळक म्हणाले, बाउदिलियो रुसलाय खरा, पुस्तकात त्याचा फोटो नाही. पण एवढी हिंमत त्याच्यात नाही. कापलेल्या पानावर देल्मिरोचा फोटो होता. ताट हातात घेतलेला, हसरा. खाली ओळ होती, 'भुकेल्यास अन्न'. शुक्रवारी पाळकांनी ते पान स्वयंपाकघरात सगळ्यांना कौतुकानं उघडून दाखवलं होतं. देल्मिरो हा त्रान्सितोचा एकुलता एक मुलगा. गेल्या पुरात नदीनं नेला, तो अजून परत दिला नाही.

"मग त्रान्सितो?"

पाळक हसले. "बाई, तुम्हीच सांगा. अंगठा उठवणारी ती. पुस्तक उलटं धरेल."

बाई प्रत घेऊन बाकावर बसल्या. कापलेल्या पानाच्या पुढचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्रान्सितो तिथंच होती, मक्याचं पीठ मळत.

"देल्मिरोची गोष्ट सत्तेचाळीसवर संपत नाही," बाई म्हणाल्या. "एकोणपन्नासवर त्याचं नाव चार वेळा येतं. ते पान शाबूत आहे, पंचवीसही प्रतींत. ज्याला वाचता येतं, तो दोन्ही पानं कापेल. अन्सेल्मोबाबा दर रविवारी शास्त्र वाचतो. बाउदिलियो गीतं वाचून सांगतो. पाळकसाहेब, ज्या कारणानं तुम्ही हिला सोडलंत, त्याच कारणानं ही सापडली. हे पान अक्षरं बघून कापलेलं नाही. चेहरा बघून कापलंय."

त्रान्सितोचे हात पिठात थांबले. तिनं ते पुसले, फळीवरून डबा काढला. आत पंचवीस पानं. एकही चुरगळलेलं नव्हतं.

बाबावर बालंट येईल असं वाटलं नव्हतं, ती म्हणाली. आता उपासना झाल्यावर सांगणारच होते. मग पाळकांकडे वळली.

"त्या ताटातली भाकरी माझी आहे. दात आले तेव्हापासून माझ्याच हातची खात आला तो. अन् फोटोत चर्चचा भिकारी झाला."

पाळकांनी किल्ली अन्सेल्मोच्या हातात ठेवली.

"पुढं चार वेळा नाव आहे म्हणता," त्रान्सितो म्हणाली. "काय लिहिलंय त्याचं? वाचा की."

"राहू दे, त्रान्सितो," पाळक म्हणाले.

बाईंनी प्रत उघडून पाळकांपुढं धरली. त्यांना वाचावं लागलं.

"'ज्याचं जगात कुणी नव्हतं, त्या देल्मिरोला मंडळीनं आईची माया दिली.'"

त्रान्सितोनं डब्याचं झाकण लावलं.

"मी तिथंच होते, साहेब," ती म्हणाली. "तव्यापाशी."