रविवारी सुट्टी घेणारा डोंगर

"ढकल रे फुग्या! एवढं खातोस ते जातं कुठे?"

"ढकलतोच आहे! तू आतून ओढ ना!"

"ओढू कशी? कडी हातात आलीये माझ्या!" बंद दाराआडून टिटवी किंचाळली.

तिला टिटवी म्हणत ते उगाच नव्हे. घरात काहीही झालं की पहिला आवाज तिचा! सुट्टीत ती आणि तिची ताई मामाकडे आल्या होत्या. मामेभाऊ फुग्याबरोबर डोंगरावर जायचे त्यांनी किती बेत केले होते, पण सगळे पावसात वाहून गेले. आता तर साध्या खोलीतून बाहेर पडायचीही मारामार!

शेवटी मामा धावत आला. त्याने खांदा लावला, दार करकरत उघडलं आणि टिटवी तणतणतच बाहेर आली.

"मामा, तू सुतार ना? मग तुझ्याच घरातली दारं कशी अडतात?"

मामाचा चेहरा पडला. मामी हळूच म्हणाली, "अगं, जखमेवर मीठ नको चोळू. गल्लीतली सगळी दारं ह्यांनीच बसवलीत, आणि आता घराघरातून तीच बोंब आहे."

"लाकूड पावसात फुगतं, मान्य," दाराच्या कडेवरून बोट फिरवत मामा म्हणाला. "पण हे फुगलेलं नाही. खाली घासतंय आणि वर फट पडलीय. चौकटच तिरकी झालीय. माझी चौकट! इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही."

"आणि झऱ्याचं पाणी बघा," मामीने पातेलं पुढे केलं. "गाळून घेतलं तरी लालच!"

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीच्या मागे डोंगर होता, पण आठवडाभर तो ढगात बुडालेला. एवढी मोठी वस्तू डोक्यावर आहे आणि दिसत नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मामा, डोंगर सरकत तर नसेल ना?"

"तुझी आई रोज सकाळी फोन करते की! म्हणते, 'दादा, ठिपका हिरवा आहे, निर्धास्त राहा.' तिच्यापेक्षा डोंगर जास्त कुणाला कळतो?"

हे मात्र खरं होतं. ताईची आई दूरच्या शहरात, एका संशोधन संस्थेत काम करायची. पाऊस वाढला की कुठले डोंगर खचतील, याचा हिशोब मांडायची. त्यासाठी लागणारे आकडे ठिकठिकाणच्या यंत्रांतून एका वेबसाइटवर येत. वेबसाइट सगळ्या जगाला खुली. कुणीही बघा, कुणीही वापरा! मामाच्या डोंगराच्या माथ्यावरही असं एक यंत्र होतं. जमीन केसभर कलली तरी ते कळवायचं. सगळं ठीक असलं की नकाशावरचा ठिपका हिरवा, जमीन हलत राहिली की पिवळा, धोका असला की लाल.

ताईने मोबाइलवर वेबसाइट उघडली. ठिपका हिरवागार! खाली गेल्या महिन्याची रेघ होती, अगदी सरळ. पण मध्येमध्ये तिला बारीकसे उंचवटे होते.

"हे काय गं?" फुग्याने मान खुपसली.

"डोंगर जरासा हलला की रेघ उडी मारते. ही बघ, सकाळी अकराला. आणि ही दुपारी चारला. काल, परवा, तेरवा... रोज त्याच वेळी!"

"अकरा आणि चार? म्हणजे आमच्या शाळेतल्या सरांच्या चहाची वेळ! डोंगर चहा पितो वाटतं!"

टिटवी खो खो हसली. मग एकदम थांबली. "ताई, इथे उडीच नाहीये. आणि इथेही नाही."

ताईने वार पाहिले. रविवार. त्याच्या आधीचाही रविवार.

"डोंगर रविवारी सुट्टी घेतो!" फुग्या म्हणाला. पण या वेळी कुणी हसलं नाही.

ताईने आईला फोन लावला. आई म्हणाली, "दिसलं तुला ते? शाबास! अगं, उन्हाने जमीन तापते, मग निवते. तेवढी थरथर चालायचीच. आम्ही ती सोडून देतो."

"आई, रविवारी ऊन पडत नाही का?"

पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली.

"आणि इथे आठवडाभर सूर्य दिसलेला नाही. दारं अडताहेत, झरा गढूळ झालाय. मामाला वाटतंय त्याचंच काम बिघडलं."

"हे मला दादाने का नाही सांगितलं?" आईचा आवाज बदलला. "बाळा, नुसत्या संशयावर लोकांना घराबाहेर काढता येत नाही. यंत्राची देखभाल करणाऱ्या निरीक्षण केंद्रात जाऊन विचारा, माथ्यावरचं यंत्र शेवटचं कुणी पाहिलं. आणि डोंगराकडे पाऊलही टाकायचं नाही!"

केंद्र रस्त्यापलीकडे, उंच खडकावर होतं. छपरावर भलामोठा भोंगा, व्हरांड्यात एक फ्रेम. केंद्राचे साहेब स्वेटर घालून दारातच उभे होते.

"यंत्र? उत्तम चाललंय! वर्षभरात आकड्यांत एक दिवसाचाही खंड नाही. हे बघा प्रमाणपत्र!" त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. "सुट्टी आहे ना? मग खेळा जा!"

मुलं निघाली, पण फाटकापर्यंतच. साहेब आत वळताच तिघं कुंपणाच्या कडेने मागच्या खिडकीशी गेली. आत टेबलावर पत्र्याचा एक करडा डबा होता. त्यातून निघालेली वायर खिडकीतून बाहेर, छपराकडे गेलेली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, चहाचा कप भरला आणि टक्कन त्या डब्यावर ठेवला. डब्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'माथा'.

घड्याळात अकरा वाजले होते.

ताईने वेबसाइट उघडली. थोड्या वेळाने मोबाइलवरची रेघ बारीकशी उडाली.

"डोंगर टेबलावर आहे," ती कुजबुजली. "इतके दिवस माथ्यावर काहीच नाही! आई जे बघते ते हे टेबल आहे!"

"मग आपला डोंगर काय करतोय ते कुणाला माहीत आहे?" फुग्याने विचारलं. त्याचं घर खाली गल्लीत होतं. घरात आई होती, बाबा होते.

ताईने पटकन बेत सांगितला. फुग्या केस सारखे करून व्हरांड्यात गेला.

"काका, शाळेच्या प्रकल्पासाठी तुमचा फोटो हवा होता. त्या प्रमाणपत्राशेजारी!"

साहेब केवढे खूश! कंगवाच शोधायला लागले. तेवढ्यात टिटवी मागच्या दाराने आत शिरली. ताईने आईला पुन्हा फोन लावला.

"आई, रेघेवर नजर ठेव. आता डोंगर तीन उड्या मारणार."

"काय बोलतेस तू?"

आतून टेबलाचे तीन दणके ऐकू आले. मग वाट पाहणं. आकडे दर काही मिनिटांनीच वेबसाइटवर जायचे. ढग आणखी खाली उतरले होते आणि गल्लीतली कुत्री एका सुरात भुंकत होती.

"मारल्या," आई म्हणाली. तो आवाज ताईने कधीच ऐकला नव्हता. "तीन. हे काय आहे, बाळा?"

"टेबल आहे, आई. तुझं यंत्र केंद्रातल्या टेबलावर आहे. त्याच्यावर चहाचा कप ठेवतात."

"देवा! मी दादाला फोन करते. तुम्ही तिथेच थांबा. भोंगा वाजवायला सांगा, आत्ताच्या आत्ता!"

एव्हाना साहेबांनी टिटवीला दारात पकडलं होतं. "सरकारी यंत्राला हात लावतेस?"

"तुम्ही कप ठेवता ते चालतं?" टिटवी कडाडली. "माथ्यावरचं यंत्र इथे काय करतंय?"

साहेब गडबडले. "दुरुस्तीला आणलं होतं. मग वाट खचली. परत कोण नेणार वर? आकड्यांत रिकामी जागा दिसली की वरिष्ठांचे फोन येतात, म्हणून इथेच जोडून ठेवलं. आणि डोंगर काय पळून जातोय?"

त्याच क्षणी तो आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणी जड कपाट ओढावं तसा, पण जमिनीच्या आतून. खिडकीची काच किणकिणली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"काका, भोंगा वाजवा!" ताई ओरडली.

"तो... तो माझ्या हातात नाही. ठिपका लाल झाला की आपोआप वाजतो. वरून परवानगी—"

फुग्या त्यांच्या बगलेखालून आत घुसला. त्याने कप उचलून बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी डबा धरला आणि सरळ उलटा केला!

"हा घ्या, काका! पडला तुमचा डोंगर!"

काही मिनिटांचा तो वेळ संपता संपेना. मग हिरवा ठिपका लाल झाला आणि छपरावरचा भोंगा असा केकाटला की टिटवीनेसुद्धा कान झाकले.

खाली गल्लीत मामा पहार घेऊन धावत होता. बहिणीचा फोन येताच तो निघाला होता. घराबाहेर माणसं येत होती, पण जिथे दारं अडली होती तिथे आतून नुसते धक्के ऐकू येत होते. कुठलं दार कुठे घासतं हे मामाला पाठ होतं. आपल्या हातांनी बसवलेली दारं त्याने एकेक करून पहारीने फोडली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन लोक रस्ता ओलांडून केंद्राकडे चढू लागले. मामी आली. शेजारी आले. फुग्या व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे एकही विनोद नव्हता.

"बाबा कुठे आहेत?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "आई, बाबा का येत नाहीत?"

सर्वांत शेवटी मामा आला, चिखलाने माखलेला. फुग्या त्याच्या कमरेला जो बिलगला तो सुटेचना.

सगळे जमले की नाही हे मोजून होतंय तोच डोंगर उतरला. ढगातून आधी झाडं आली, उभीच्या उभी, चालत यावी तशी. मग लाल चिखल. आवाज थांबला तेव्हा अर्धी गल्ली नव्हती. मामाच्या घराची फक्त पुढची भिंत उभी होती.

मामाने डोळ्यांवरचा चिखल पुसला. मग मामा हळूच म्हणाला, "माझी चौकट बरोबरच होती तर." आणि तो रडू लागला.

दुसऱ्या दिवशी आई आली. तिने आधी भावाला मिठी मारली. "दादा, रोज तुला निर्धास्त राहा म्हणत होते मी. माझ्या आकड्यांवर माझा एवढा विश्वास होता की रविवार मला दिसलाच नाही. या पोरांना दिसला!"

शाळेत मुक्कामाला असलेली सगळी गल्ली भोवती जमली. ज्या आजोबांना मामाने उचलून आणलं होतं, त्यांनी तिघांच्या डोक्यांवर हात ठेवले. मोठे साहेब चौकशीला आले होते, त्यांनीही मुलांची पाठ थोपटली. केंद्राचे साहेब कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं होतं.

"आत्या, मी डबा उलटा केला," फुग्या चाचरत म्हणाला. "तोसुद्धा खोटाच आकडा ना?"

"खोटाच," आई म्हणाली. "सगळ्या गल्लीचा जीव वाचवणारा, पण खोटाच. म्हणून यंत्र टेबलावर होतं तेव्हापासूनचे सगळे आकडे मी बाद करायला लावलेत. काय घडलं तेही तिथे लिहिलंय, जगात कुणालाही वाचता येईल असं."

ताईने मोबाइल उघडला. रेघ मध्येच तुटली होती. पुढे नुसती रिकामी जागा.

पाऊस ओसरल्यावर नवं यंत्र माथ्यावर गेलं. वाहून नेणाऱ्यांत मामा होता आणि केंद्राचे साहेबही होते, धापा टाकत. सुट्टी संपून घरी परतलेल्या ताई आणि टिटवी त्या रविवारी मोबाइल घेऊन बसल्या. अकरा वाजले. रेघ सरळ होती. चार वाजले, तरी सरळ.

"हुश्श!" टिटवी म्हणाली. "झोपला वाटतं."

संध्याकाळी रेघ जराशी हलली. मग आणखी जराशी. ठिपका हिरव्याचा पिवळा झाला.

ताईने फोन उचलला आणि मामाला सांगितलं, की ढिगाऱ्यातलं सामान काढायला उद्या गल्लीत जाऊ नकोस.