गिळ्याच्या कार्डावरचा रिकामा रकाना

ही गोष्ट मी रचलेली नाही. आमच्या घरात गोष्टी रचणारा एकच, माझा धाकटा भाऊ. मी कपडे शिवते, मला साधी थापही धड मारता येत नाही.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ. भावाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो.

भाऊ दर शनिवारी एक खेळ चालवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. तो गोष्ट सांगणार, आम्ही त्यातली पात्रं होणार, आणि लढाई कोण जिंकलं ते फासे ठरवणार. राक्षस तो स्वतः बनवायचा. प्रत्येकाचं एक कार्ड. वर त्याची दंतकथा, खाली आकडे. ताकद, वेग, जीव. जीव शून्यावर आला की राक्षस मेला.

खेळायला आम्ही तिघं. मी, भावजय आणि भावाचा मित्र वायरमन.

आदल्या शनिवारी मास्तरची फजिती झाली होती. दंतकथेत दहा गावं उजाड करणारा राक्षस वायरमनने एका फटक्यात आडवा केला होता. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," भावजय म्हणाली होती. मास्तरला ते फार लागलं होतं.

या वेळी त्याने गिळ्या आणला.

गिळ्या दिसत नाही. मारत नाही. तो आवाज गिळतो. आधी वस्तूंचे, मग माणसांचे. गिळलेला आवाज त्याच्या पोटात जिवंत राहतो.

भावजयीने कार्ड ओढून घेतलं. ती लॅबमध्ये काम करते, तिला आकड्यांत गफलत खपत नाही.

"मारत नाही, तर ताकद कशाला दिलीस?"

मास्तरने ताकद खोडली.

"आणि हा जीव? तो मरतो असं गोष्टीत कुठे म्हटलंय?"

"अगं, मग तुम्ही त्याला हरवणार कसं?"

"ते आमचं आम्ही बघू. तू गोष्टीशी इमान राख."

मास्तर हसला. त्याने जीवाचा आकडाही खोडला.

"आता बरोब्बर जुळलं," तो म्हणाला.

मी फासे टाकले...

आवाज आला नाही.

लाकडी टेबलावर फासे घरंगळले आणि थांबले, पण काहीच ऐकू आलं नाही. वायरमनने पुन्हा टाकले. तेच.

"ताई, माझे कान गेले की काय?"

पण त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

मग लक्षात आलं... भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता, टिकटिक नव्हती. तो जुना घरघरणारा पंखा गप्प फिरत होता.

"वायरिंगचा काही संबंध नाही," वायरमन म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

भावजय एकदम ताठ झाली.

"बाळ एवढा वेळ झोपत नाही."

आतल्या खोलीत त्यांची चार महिन्यांची मुलगी होती. आम्ही धावलो. आमच्या पावलांचाही आवाज झाला नाही.

ती जागी होती. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या. जीव तोडून रडत होती...

आणि खोलीत चिडीचूप.

भावजयीने तिला छातीशी धरलं. "रड ना गं, रड," ती म्हणत होती. कुठल्याही आईला मी असं म्हणताना ऐकलं नव्हतं.

"जीवाचा आकडा परत घाल," वायरमन म्हणाला. "मारून टाकू त्याला."

मास्तरने कार्ड आणलं, पेन टेकवलं आणि थांबला.

"तिचा आवाज त्याच्या पोटात आहे. तो मेला तर?"



मग त्याने दंतकथेखाली एक ओळ वाढवली. मी त्याच्या खांद्यावरून वाचली. मोठ्या माणसाने आपला आवाज आपणहून दिला, तर गिळ्या लहान आवाज सोडतो.

"अरे थांब," मी म्हणाले.

"बाबा इथेच आहे हं," तो लेकीला म्हणाला.

आणि...

ती किंचाळली. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं खणखणीत रडली. बाहेर घड्याळ टिकटिकायला लागलं. भावजय हुंदके देत होती. मास्तर तोंड उघडून हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच्या हसण्याला आवाज नव्हता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. डॉक्टरांना त्याच्या घशात काही सापडलं नाही. मुलगी आता दिवसभर बडबडते, तो नुसता ऐकतो.

कार्ड माझ्या दुकानात आहे. भावजय कधीमधी येते, पेन काढते, जीवाच्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसते. एक आकडा लिहायचा, फासे टाकायचे, विषय संपला. पण तिच्या नवऱ्याचा आवाज अजून त्या पोटात आहे. ती पेन परत पर्समध्ये ठेवते. काय बरोबर, हे मलाही कळत नाही.

काल मी दुकानात अस्तर कापत होते...

कापड कापलं जात होतं. कात्रीचा आवाज येत नव्हता.

मी लगेच भावजयीला फोन लावला. "मुलीला बोलत ठेव," म्हटलं. पलीकडे मुलगी कसलंतरी गाणं म्हणत होती. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले.