छत्तीस टाके उघडे

आधीच सांगतो, या गोष्टीत रात्र नाही.

लाईट गेली नव्हती. कुत्री रडत नव्हती. रविवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले होते आणि हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. जे घडलं ते त्या शंभर जणांच्या समोर घडलं, आणि माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही.

खोटं वाटलं तर सोडून द्या. मी स्वतः अशा गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला माणूस. आता हसायची पाळी तुमची.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं, केसाएवढा ओरखडा शोधायचा. थोडक्यात, मला दिसतं ते नीट दिसतं. एवढं लक्षात ठेवा.

माझी ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई-वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. ताईनेच मला वाढवलं, धपाटे घालून शिकवलं. तिनं लग्न केलं नाही, माझं जमलं नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं. ती स्वेटरच्या कारखान्यात तपासणीला होती. सुटलेला टाका शोधणं हे तिचं काम. हजारात एक सुटला असेल तरी तिचं बोट बरोबर तिथं जाऊन थांबायचं.

आणि घरी आली की क्रोशा.

रुमाल-तोरणं नाही हं. ताई माणसं विणायची. पाच वर्षांच्या पोराएवढी, खुर्चीवर बसलेली. आमच्या गल्लीतला घड्याळजी, त्याच्या डोळ्यावर भिंगसुद्धा. पेंगलेला वॉचमन. पाय चोळत बसलेली नर्स. सगळी लोकरीची, आत कापूस. लोक बघायचे आणि हसायला लागायचे, मग गप्प व्हायचे. इतकी ती खरी वाटायची.

हे काम खालून वर जातं. आधी पाय, मग धड, शेवटी डोकं. डोकं गोल गोल फेऱ्यांनी वर न्यायचं, मग टाके कमी करत आणायचे. छत्तीस, तीस, चोवीस, अठरा, बारा, सहा. वरच्या भोकातून कापूस भरायचा आणि शेवटचे सहा टाके ओढून भोक बंद करायचं. झालं डोकं.

ताई हे ज्यांच्याकडे शिकली त्या विणकामाच्या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचा एक नियम होता. सगळं अर्धवट ठेवलं तरी चालेल, पण डोकं उघडं ठेवून झोपायचं नाही.

का?

तर म्हणे, आपण नाही भरलं तर दुसरं कुणीतरी भरतं.

ताईनं हा नियम कधी मोडला नव्हता. मोडायला मी लावला.

झालं असं की आमच्या इथल्या ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये हौशी कलाकारांचं प्रदर्शन होतं. मंगळवार ते रविवार. ताईची पहिलीच वेळ. सहा माणसं तयार होती. सातवी ती स्वतः होती. स्टुलावर बसलेली ताई, उजव्या हातात क्रोशाची सुई, काळे केस, मान जरा वाकडी. थेट आमची ताई.

सोमवारी संध्याकाळी टेम्पो दारात आला आणि कापूस संपला.

सातव्या बाहुलीचं डोकं उघडं. छत्तीस टाके. आत पोकळ.

"थांब, मी कापूस घेऊन येते," ताई म्हणाली.

"दुकानं बंद झाली. टेम्पोवाला खाली बोंबलतोय. टोपी घाल वरून, कोण बघतंय आत?"

"अरे पण बाई म्हणायच्या..."

"मग भरू दे की कुणाला भरायचंय ते! तेवढेच तुझे कष्ट वाचले."

मी हे बोललो. हसत बोललो. ताईसुद्धा हसली, "दीडशहाणा आहेस" म्हणाली. शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली, हातभर धागा ठेवून कापला, टोक बाहेरच ठेवलं आणि वरून लाल टोपी घातली. उरलेल्या काळ्या लोकरीचा गुंडा टोपलीत टाकला.

मंगळवारी तोबा गर्दी. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर ताई कापसाची पिशवी घेऊन सातव्या बाहुलीपाशी गेली. टोपी काढली.

आणि तशीच उभी राहिली...

"तू हात लावलास याला?"

"मला धड गाठ मारता येत नाही, मी काय हात लावणार?"

सेफ्टी पिन बाहुलीच्या मांडीवर पडली होती. आणि भोक लहान झालं होतं. ताईनं बोटानं टाके मोजले.

तीस.

एक फेरी कुणीतरी विणली होती.

मी खिशातलं भिंग काढलं. ताईचे सगळे टाके एकीकडे झुकलेले. या फेरीचे उलटीकडे. असे टाके डावखुऱ्या माणसाच्या हातून पडतात, ताई म्हणाली. धाग्याचं टोक बाहेर नव्हतं. ते आत होतं. म्हणजे ज्यानं विणलं त्यानं आतून विणलं होतं.

क्रोशा ज्या टोकाला संपतो तिथूनच उसवतो. टोक हाताला लागत नसेल तर उसवताच येत नाही.

ताईनं दोन बोटं आत घातली. लगेच काढली.

"काय आहे?"

"काही नाही रे आत." तिचा आवाज बारीक झाला होता. "काहीच नाही. पण भरलंय. कापूस घालायला जागाच नाही."

मी म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल. हौशी बायका पुष्कळ आल्या होत्या. ताईनं मान डोलावली. घरी जाताना ती कोपऱ्यावर थांबली.

"इथून कुठं वळायचं रे?"

वीस वर्षं आम्ही त्याच रस्त्यानं जातोय. मी हसलो. दमली असेल, म्हटलं.

बुधवारी... चोवीस.

आणि सुई बाहुलीच्या डाव्या हातात होती. ताईनं ती उजव्या हातात दोऱ्यानं शिवली होती. आता डाव्या हातात तशीच पक्की शिवलेली.

त्याच दिवशी कारखान्यात ताईच्या हातून भोक पडलेला स्वेटर पास झाला. तिच्या मॅनेजरनं मला फोन केला. म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा हो. बरं नाहीये का त्यांना?"

घरी आलो तर ताई टोपलीसमोर बसली होती. काळ्या लोकरीचा गुंडा सोमवारी संत्र्याएवढा होता. आता लिंबाएवढा.

मी गुंडा उचलला, दुकानात नेला, माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

गुरुवारी, भर दुकानात, गिऱ्हाईकाची काच घासताना मला खणातून आवाज आला.

सुर्र...

थोडं थांबून पुन्हा. सुर्र...

हा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. गुंड्यातून लोकर ओढली जाते, त्याचा. कुलूप उघडलं तर गुंडा सुपारीएवढा राहिला होता. खणाला फट नव्हती.

संध्याकाळी भोक अठरावर आलं होतं.

आणि ताईला 'कात्री' म्हणता येईना. बोटं हलवून दाखवायची आणि रडवेली व्हायची. शुक्रवारी, बारावर आल्यावर, तिला सुई धरता येईना. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट चांगले आले. "सेहेचाळिसाव्या वर्षी असं सहसा होत नाही," म्हणाले. विश्रांती घ्या, म्हणाले.

मला तोवर कळलं होतं. एकीकडे भरत होतं आणि दुसरीकडे रिकामं होत होतं.

शनिवारी मी ताईला घेऊन ग्रंथालयात गेलो. म्हटलं, सातवी बाहुली आत्ताच्या आत्ता घरी नेणार. ग्रंथपाल मॅडम किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाल्या, "बक्षिसं उद्या आहेत. त्याआधी एकही वस्तू हलणार नाही. नियम आहे." मी भांडलो, हात जोडले. त्यांना काय सांगणार होतो? उलट त्यांनी ताईलाच विचारलं, "अहो, तुम्हीच सांगा, न्यायचीय का तुम्हाला?"

ताई बाहुलीकडे बघत होती. कौतुकानं.

"राहू दे ना. किती छान आहे," ती म्हणाली. "कुणी केलीय?"

ग्रंथपाल मॅडम हसल्या. त्यांना तो विनय वाटला.

मी टोपी वर केली. सहा टाके उरले होते. बोट जाईल एवढं भोक.

रविवारी हॉल उघडल्यापासून मी त्या स्टुलाशेजारी उभा होतो. टोपी काढली आणि उजव्या हाताचं बोट भोकात घातलं. माझं बोट आत असेपर्यंत ते बंद होणार नाही, एवढाच विचार. लोक बघायचे, खुसखुसायचे. एका बाईनं आपल्या मुलीला बाजूला ओढून नेलं. मला लाज वाटत नव्हती. ताई पहिल्या रांगेत बसली होती, हातात पर्स धरून, पाहुण्यासारखी.

बोटाला काहीच लागत नव्हतं. कापूस नाही, लोकर नाही. पण गार नव्हतं. ऊब होती.

तीनच्या सुमाराला कुणीतरी आतून माझ्या बोटाभोवती धागा फिरवला.

हळूच. मग दुसऱ्यांदा. मग ओढला...

जोर लावून नाही. घाई नव्हती त्याला. मी बोट काढायची वाट बघत होतं ते. मी बोट काढलं नाही. टोक काळंनिळं पडलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण नाही काढलं. सव्वा तास.

सव्वाचारला माईकवर ताईचं नाव पुकारलं. पहिलं बक्षीस.

टाळ्या. सगळा हॉल पहिल्या रांगेकडे बघायला लागला. ताई मात्र मागे वळून बघायला लागली... कुणाला मिळालं ते बघायला. मग लोक तिच्याकडेच बघून टाळ्या वाजवताहेत हे तिच्या लक्षात आलं. ती घाबरली. खुर्चीवरून उठली, तिचा पाय अडकला, तोल गेला.

मी धावलो.

तिला सावरलं आणि लगेच मागे वळलो. दोन श्वास गेले असतील. जास्त नाही.

भोक बंद होतं.

डोकं गोल, गुळगुळीत, गच्च भरलेलं. बोट ठेवायलाही फट नाही. माझ्या बोटावर धाग्याचा वळ तेवढा होता. तो आठवडाभर गेला नाही. खणातला गुंडा मात्र गेला होता, एक तंतूसुद्धा मागे नव्हता.

बाहुली मी घरी आणली. आठ दिवस तिच्यासमोर कात्री घेऊन बसलो. टोक आत आहे, उसवता येत नाही, म्हणजे कापायलाच हवं. आत जे आहे ते बाहेर येईल, ताईचं ताईला मिळेल. नवव्या दिवशी, सकाळी अकराला, मी मन घट्ट केलं आणि कात्रीचं टोक टाक्यात घातलं. एकच टाका कापला.

बाहेरच्या खोलीत ताई किंचाळली.

धावत गेलो. दोन्ही हातांनी टाळू दाबून ती खाली बसली होती. कित्येक दिवसांत ती धड एक वाक्य बोलली नव्हती. ते बोलली.

"नको रे, दुखतंय."

कात्री मी ठेवून दिली. कापलेला टाका संध्याकाळपर्यंत जुळला होता. उलट्या बाजूनं.

बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एकीचा नंबर शोधून मी फोन लावला. विचारलं, बाई डावखुऱ्या होत्या का? नाही, म्हणाली. वर्गात कुणी डावखुरं? कुणीच नाही. मग तिनंच विचारलं,

"तुम्ही उघडलं नाही ना ते?"

"एक टाका कापला होता."

फोन ठेवल्याचा आवाज आला. नंतर तिनं कधी उचलला नाही.

याला आता तीन वर्षं होतील. बाहुली कपाटात आहे. जाळायची हिंमत नाही, फेकायची नाही, कुणाला द्यायची तर नाहीच. फेकलेल्या बाहुलीबरोबर ताईचं काय होईल, कुणी सांगावं? लोक म्हणतात, एवढं करतोस बहिणीचं, पुण्य लागेल. त्यांना काय सांगू की टोपी घाल असं मीच म्हटलं होतं?

ताई जेवते, झोपते, खिडकीशी बसते. त्रास काही देत नाही. फक्त मला आता 'तुम्ही' म्हणते. ज्या तोंडानं जन्मभर मला गाढवा म्हटलं त्या तोंडानं 'तुम्ही' म्हणते.

काल संध्याकाळी मी दुकानातून आलो, तर ती चप्पल घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीवर बसली होती. मी शेजारी खुर्ची घेतली. ती जरा अवघडली. मग अगदी नीट, सभ्यपणे म्हणाली,

"तुम्ही माझ्यासाठी थांबू नका हं. तुम्हाला घरी उशीर होईल. माझा धाकटा भाऊ येतोय मला न्यायला."

मी "बरं" म्हटलं. आणि तिला संकोच वाटू नये म्हणून खुर्ची थोडी लांब ओढून बसलो.