दोन आटे

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता कापसाच्या जिनच्या मैदानावरचा बास्केटबॉलचा लोखंडी खांब कोसळला, तेव्हा भीमसिंग त्याच्या रिंगला लटकलेला होता.

खांबाखाली त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून चेंगरला. सहा फूट दोन इंचांचा तो गडी "याडी, याडी" करत आईला हाका मारू लागला. लोक धावले. खांब उचलला. ट्रकमध्ये घालून त्याला यवतमाळला नेलं. आई जमनी ट्रकमागे अनवाणी पळत गेली, तिलाही कुणीतरी वर ओढून घेतलं.

ट्रकची धूळ बसायच्या आत लोकांनी गुन्हेगार ठरवून टाकला होता. बळीराम. कारण खांब पडायच्या क्षणभर आधी बळीराम ओरडला होता, "भीम्या, लटकू नको!"

खांब पडणार हे याला आधी कसं कळलं?

फौजदार बाबाराव काळबांडे सायकलवरून आले तेव्हा बळीरामला जिनच्या फाटकाला बांधून ठेवलं होतं. बाबारावांनी आधी दोरी सोडवली. मग आजूबाजूला पाहिलं.

दिग्रसच्या अलीकडे चार मैलांवरचं हे जिन. साल एकसष्ट. कापूस यायला अजून वेळ होता, म्हणून मैदान मोकळं होतं. मॅनेजर बापूजींनी शहरात शिकताना बास्केटबॉल पाहिला आणि इथे जिनचा संघ काढला. जुन्या यंत्राचे दांडे उभे करून दोन खांब केले ते फिटर सेवादास यांनी. मोठ्या हौसेने केले, कारण भीमसिंग त्यांचाच मुलगा.

बळीराम या संघाचा गार्ड. उंची जेमतेम साडेपाच फूट. रिंगपाशी उड्या मारणं त्याचं काम नव्हतंच. चेंडू घेऊन पुढे जायचं, मैदानातले बाकीचे नऊ जण कुठे आहेत ते एका नजरेत टिपायचं आणि नेमक्या गड्याच्या हातात चेंडू द्यायचा, हे त्याचं काम. भीमसिंगच्या प्रत्येक टोपलीमागे बळीरामचा चेंडू असे.

आणि त्याच्या खिशात एक पत्र होतं. नागपूरच्या एका गिरणीला आपल्या संघासाठी एकच गार्ड हवा होता. कामगाराचा पगार, काम खेळण्याचं. परीक्षा उद्या, सकाळी अकराला. उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं खाली लाल शाईत लिहिलेलं.

"उद्या पहाटं पाचच्या एसटीनं जायचं हाय, साहेब," बळीराम म्हणाला. "माही माय दसऱ्याले आमच्या लोकाइसंगं नागपूरलेच गेली. ते गिरणीच्या फाटकापाशी माही वाट पाहीन."

"आधी सांग, तू ओरडलास कशाला?"

"मी दोन चेंडू टाकले, साहेब. माह्या नेहमीच्या जागेवरून. दोन्ही रिंगच्या मागच्या कडीले लागले."

"मग?"

"माहा चेंडू तिथं लागत नाई. म्हून रिंगच पुढं झुकली, हे समजलं. तेवढ्यात भीम्यानं उडी घेतली."

"किती झुकली होती?"

"दोनक बोटं असन."

लोक हसले. दहा फुटांवरची रिंग दोन बोटं झुकली हे पंधरा फुटांवरून चेंडू टाकून कळतं म्हणे! बाबारावांनाही ते खरं वाटलं नाही.

बापूजी पुढे आले. "साहेब, साधा हिशोब हाय. अष्टमीच्या संध्याकाळी भीमसिंग याच रिंगले लटकला होता, खांब हालला नाई. आज खालचे चारी नट गवतात सापडले. म्हंजे मधल्या वेळात कोणीतरी ते खोलले."

"बरोबर."

"नट पान्याबिगर खोलत नाई. अन् काल, खांडे नवमीले, दुपारपासून जिनमधली सारी अवजारं पूजेत हायेत. आज संध्याकाळपर्यंत त्याइले कोणी हात लावत नाई. पूजेतला पाना उचलणारा इथं एकच माणूस हाय."

पुढचं बापूजींना बोलावं लागलं नाही. पाच वर्षांपूर्वी बळीरामच्या घराने बौद्ध धम्म घेतला होता आणि असल्या पूजा सोडल्या होत्या. शिवाय अष्टमीला भीमसिंगच्या हातातून चेंडू सुटला म्हणून तो सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसला होता. झालं! लोकांना आणखी काय हवं?

बाबारावांनी बळीरामला ठाण्यावर पाठवलं. लोक चिडलेले होते आणि नोकरी बाबारावांनाही प्यारी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते पाहायचं असेल, तर अशा वेळी पाहावं.

दुपारी ते इंजिनघरात गेले. सेवादास दाराशी बसले होते. साठीकडे झुकलेला माणूस. मुलगा इस्पितळात आणि बाप इथे.

"यवतमाळला नाही गेलात?"

"जमनी गेली न साहेब. मले पाय उचलत नाई."

आत पाटावर अवजारं ओळीने मांडली होती. हातोडे, पकडी, कानस, मधोमध मोठा पाना. साऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. झेंडूची एकच लांब माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक अवजाराला एक वेढा घालून नेलेली. पान्यावरची हळद वाळून पापुद्रा झाली होती आणि त्या पापुद्र्याला एक तडाही नव्हता.

बाबाराव बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"सेवादास, ही माळ कोणी घातली?"

"मीच. दरसाल मीच घालतो."

"अवजारं धुणारे कोण?"

"मीच, साहेब. नवमीच्या सकाळपासून जिनमधलं सारं लोखंड रॉकेलनं धुतो, एरंडेल लावतो, मंग पूजेत."

"वेळेवर झालं सगळं?"

"मुहूर्त होता. बापूजी घाई करून राह्यले होते." एवढं बोलून म्हाताऱ्याने मान खाली घातली.

बाबाराव मैदानावर आले. पडलेल्या खांबाच्या जागी काँक्रीटमधून चार बोल्ट वर आले होते. प्रत्येक बोल्टच्या पेचाचे वरचे दोन आटे चेपून सपाट झाले होते, चकाकत होते. खालचे सगळे आटे शाबूत. गवतात सापडलेले नट त्यांनी नाकाशी नेले. एरंडेल. मग ते समोरच्या टोकाच्या, उभ्या असलेल्या खांबाकडे गेले. त्याचे नट घट्ट होते. त्यांनाही एरंडेलाचाच वास.

त्या घटकेला बाबारावांना जवळजवळ सगळं समजलं होतं. तिथून ठाण्यात जाऊन त्यांनी बळीरामला सोडायला हवं होतं. पण बाहेर लोक उभे होते, बापूजी तालुक्याला तक्रारीची तार करायची भाषा बोलत होते, आणि हातात भक्कम पुरावा नव्हता. उद्या सकाळी बघू, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट निर्णय, असं ते पुढे स्वतःच सांगत.

पहाटे पाचच्या एसटीचा भोंगा ठाण्यापर्यंत ऐकू येतो. बळीरामने गजाआडून तो ऐकला.

सकाळी सातला बाबारावांनी त्याला मैदानावर आणलं. बापूजी, सेवादास आणि जिनचे दहा-बारा गडी आधीच बोलावलेले होते. चेंडू बळीरामच्या हातात देऊन बाबारावांनी शाबूत खांबाकडे बोट दाखवलं.

"टाक."

"आता कायले, साहेब? गाडी तर गेली."

"टाक म्हणतो ना."

बळीराम आपल्या जागेवर उभा राहिला. पहिला चेंडू रिंगच्या मागच्या कडीला लागून उडाला. दुसराही. तिसरा त्याने टाकलाच नाही. तो खांबाकडे पाहत राहिला, मग बाबारावांकडे वळला.

"साहेब, हेही रिंग हालवली काय कोणी?"

बाबाराव खांबापाशी गेले आणि पायाच्या पत्र्याच्या मागच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाले, "या, बघा. खाली बैलाची नाल सरकवली आहे. आज उजाडता उजाडता मी आणि शिपायानं. पाना एसटीच्या मिस्त्रीचा. या पोराला त्यातलं काहीही माहीत नव्हतं."

गडी एकमेकांकडे पाहू लागले.

"म्हणजे काल तो खरं बोलत होता. रिंग झुकली हे त्याला चेंडूनं सांगितलं, म्हणून तो ओरडला. गुन्हेगार सावध करत नाही, बापूजी."

"पन पाना तर उचललाच न त्यानं!"

"पाना कुणीच उचलला नाही. माळ एकसंध होती, हळदीला तडा नव्हता. पान्याला पूजेनंतर हात लागलेला नाही. मग नट कधी खोलले? पूजेच्या आधी. नवमीच्या सकाळी." बाबारावांनी खिशातून एक नट काढला. "याला एरंडेल आहे. या उभ्या खांबाच्या नटांनाही आहे. पाय मोडायला निघालेला माणूस नटांना तेल घालत बसत नाही, तेही दोन्ही खांबांच्या. हे काम सणाला लोखंड धुणाऱ्याचं."

आता कुणी सेवादासांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"आणि बोल्टचे वरचे दोनच आटे चेपलेत. खांब पडला तेव्हा नट त्या दोन आट्यांवर अडकलेले होते. म्हणजे ज्यानं खोलले त्यानं ते परत बसवायला घेतले होते. काम अर्धं राहिलं. का राहिलं, सेवादास?"

म्हाताऱ्याने तो नट हातात घेतला.

"दोन फेरे बोटानं बसते, साहेब. पुढं पाना लागते." त्याने उभ्या खांबाकडे हात केला. "हा खांब धुतला, नट कसले. तो धुतला, नट बोटानं लावले, अन् बापूजीनं हाक मारली, मुहूर्त चालला म्हून. अवजारं पूजेत गेली. मी माळ घातली. मंग आठवलं. पान्याले हळद लागली होती. कसा उचलू? चाळीस वर्सं त्या पान्यानं मले खाऊ घातलं. म्हटलं, एका रातीचा प्रश्न हाय."

"भीमसिंगला सांगितलंत?"

"सांगितलं न. उद्या सकाळी मैदानात जाऊ नको म्हटलं. काहून, ते नाई सांगितलं. मले लाज वाटली. पोरगं आयकते थोडंच!"

"आणि काल दिवसभर? हा आत बसला होता तेव्हा?"

"जमनीले काय सांगू साहेब? तुह्या पोराचा पाय मी मोडला म्हून? लोकं याचं नाव घेऊन राह्यले होते. मी फकस्त... नाई बोललो."

एवढाच त्याचा गुन्हा. आणि तेवढ्याने दोन पोरांचं वाटोळं झालं होतं. बापूजींनी तोंड फिरवलं. काल ज्यांनी दोरी बांधली होती ते गडी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे होते.

बाबारावांनी नागपूरच्या गिरणीला तार केली: खेळाडू निर्दोष, पोलिसांमुळे अडकला, एक दिवस मुदत द्यावी. वरातीमागून घोडं. दुपारी तीनला उत्तर आलं. निवड पूर्ण झाली होती. यवतमाळहूनही निरोप आला होता, भीमसिंगचा पाय गुडघ्यातून काढला.

मैदानावर आणून दिलेली तार बळीरामने दोनदा वाचली.

"माय आतापर्यंत उभी असन तिथं," तो म्हणाला. "तिले कोण सांगन?"

सेवादासांवर निष्काळजीपणाचा कागद करता आला असता, कदाचित करायलाही हवा होता. बाबारावांनी लेखणी काढली आणि परत खिशात ठेवली.

तेवढ्यात इंजिनघरातून सेवादास आले. हातात तोच मोठा पाना, हळदीकुंकू अजून तसंच. कुणाकडेही न पाहता ते उभ्या खांबापाशी बसले, नट सैल केले, बैलाची नाल काढून फेकली आणि चारी नट एकेक करून कसू लागले. शेवटच्याला अंगाचा सारा भार दिला. मग बाहीनेच डोळे पुसत म्हणाले, "पाहून घे, बेटा. झाली का बरोबर?"

बळीराम त्यांना काका म्हणत असे. आज म्हणाला नाही. पण चेंडू घेऊन आपल्या जागेवर गेला.

पहिला चेंडू डावीकडून निसटला. दुसरा फळीपर्यंतही पोचला नाही.

सेवादास धास्तावून पुन्हा पाना लावायला वाकले.

"राहू द्या," बळीराम म्हणाला. "रिंग बरोबर हाय. आता माहाच हात हालून राह्यला."