टँकरवाल्याचा पाठ नंबर

"हॅलो, निवृत्तीराव का? तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल... तेवढा सांगता?"

पलीकडं नुसता पाणी पडल्याचा आवाज. मग एक पुरुषी आवाज—सावध, आणि सावध असूनही खट्याळ.

"सांगतो की. आधी तुम्ही सांगा, लॉटरी किती लाखाची लागली?"

सिंधुनं घड्याळाकडं बघितलं. लातूरच्या त्या हॉस्पिटलात ती विम्याच्या टेबलावर बसायची. सत्तरी ओलांडलेल्यांची सरकारी कार्डं तपासायची, त्यातल्या चुका निस्तरायच्या, हे तिचं काम. आणि आत्ता टेबलासमोर स्ट्रेचरवर बोरवाडीच्या भामाबाई होत्या. छातीवर हात, ओठ निळसर. खुरपून खुरपून बोटं इतकी गुळगुळीत झालेली, की मशीन अंगठा घेईना. उरला ओटीपी. तो जात होता भामाबाईंनी नुसतं नाव सांगितलेल्या, मुखेड तालुक्यातल्या या कुठल्याशा माणसाला, आणि काही मिनिटांत शिळा होत होता.

"लॉटरी नाही हो. हॉस्पिटलमधून बोलतेय. भामाबाईंच्या कार्डाला तुमचा नंबर जोडलाय."

"माझा? मी काय त्यांचा लेक न्हाई का पुतण्या न्हाई. मॅडम, आमच्या मास्तरांना अशाच गोड आवाजात फोन आलता. पेन्शन गेली सगळी. तवापासून गोड आवाजाला म्या लई भेतो."

सिंधुपुढं भांडायला वेळ नव्हता. तिनं फोन सरळ भामाबाईंच्या कानाला लावला.

"निवृत्त्या..." म्हातारी धापत बोलली. "मुडद्या, परवा माझा रांजण अर्धाच भरलास. वर गेले तरी सोडणार न्हाई तुला."

पलीकडचं पाणी बंद झालं. त्यानं एका दमात आकडे सांगितले, पुन्हा एकदा सांगितले, आणि मग खट्याळपणा पार गळालेल्या आवाजात विचारलं, "मॅडम... म्हातारी वाचंल ना?"

म्हातारी वाचली. दोन दिवसांनी वॉर्डातल्या खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. सिंधुनं विचारलं, "आजी, परक्या माणसाचा नंबर दिलात कसा?"

"परका कसला? टँकरवाला हाय त्यो. कार्डाच्या शिबिरात साहेब म्हनला, मोबाइल नंबर सांगा. मला एकच नंबर पाठ हाय. ज्याच्यावरून पाणी येतं, त्योच पाठ ऱ्हातो की पोरी."

सिंधु हसली, आणि मग तिचं हसू गोठलं. तिनं टेबलावर येऊन बोरवाडीची एकेक नोंद उघडली. ग्यानोबा तात्या, तोच नंबर. विठाबाई, तोच. दोन पावसाळे कोरडे गेलेल्या त्या वाडीत सगळ्या म्हाताऱ्यांनी तोंडपाठ असलेला एकुलता एक नंबर बिनधास्त सांगून टाकला होता. सगळ्या वाडीचा जीव एका माणसाच्या मोबाइलच्या बॅटरीला टांगलेला.

मग फोन होत राहिले. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं डायलिसिस. सिंधुच्या हिशेबात ओटीपी मागायला एक वाक्य पुरतं. पण हल्ली वाक्यं वाढत चालली होती, आणि जास्तीची वाक्यं कुणाच्या खात्यावर टाकायची ते तिला ठरवता येत नव्हतं.

"जेवलात का?"

"हे ओटीपीच्या अर्जात विचारतात काय, मॅडम?"

"नाही. माझं मी विचारतेय."

"मंग न्हाई जेवलो. खेप भरून राहिलो." थोडं थांबून, "नव्या जिल्ह्याचं ऐकलं का? उदगीर जिल्हा झाला तर आमचा तालुका तिकडं जाणार म्हणत्यात. म्हातारे भेलेत, कार्डं पुन्हा काढावी लागतील म्हणून."

"अजून कशात काही नाही. उगाच घाबरवू नका त्यांना."

"म्या न्हाई घाबरवत. म्या म्हणतो, होऊ द्या जिल्हा. तुम्ही उदगीरला बदली करून घ्या. लातूर आम्हाला लई लांब पडतं."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"...वाडीला."

सिंधुनं फोन ठेवला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई तिच्याकडं बघून पदरात हसत होत्या.

आणि मग ग्यानोबा तात्या आले. बोलता येईना, एक बाजू लुळी. मुलगी धाय मोकलून रडत होती. डॉक्टर म्हणाले, मंजुरी तेवढी पटकन घ्या.

सिंधुनं नंबर लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता...'

पुन्हा लावला. पुन्हा तीच थंडगार बाई. टँकर भरायची विहीर टेकडीच्या पोटात होती, तिथं रेंज नसायची. हे त्यानंच कधीतरी हसत सांगितलं होतं, आणि तीही हसली होती. आता ती नंबर दाबतच राहिली. एक ओटीपी शिळा झाला. दुसरा मागवला, तोही गेला. तात्यांची मुलगी तिच्याकडं अशी बघत होती, जणू आकडे सिंधुनंच मुठीत दाबून धरलेत.

फोन वाजला.

"मॅडम..." तो धापत होता. "इतक्या वेळा फोन केलात... मेसेजवर मेसेज येऊन पडलेत. टँकराच्या टपावर उभा ऱ्हाऊन बोलतोय. शेवटच्या मेसेजातले आकडे सांगू का?"

"सांगा. लवकर."

तात्यांना आत नेलं. सिंधु तशीच फोन कानाला लावून उभी राहिली.

"रडून राहिल्या का?"

"नाही."

"मंग नाक कशापायी ओढता?"

तिनं मनगटानं नाक पुसलं. मग धीर केला.

"निवृत्तीराव, हे असं चालायचं नाही. एखाद्या दिवशी तुमचा फोन लागायचाच नाही... मी वाडीत शिबिर लावते. सगळ्यांचे नंबर बदलायचे. प्रत्येकाला आपापल्या माणसाचा."

"हाव. बदलाच." मग वाऱ्यावर आवाज चढवून, "पण मंग तुम्ही मला फोन कशापायी कराल?"

तिनं पुढच्या महिन्यातली शिबिराची तारीख सांगितली आणि फोन ठेवला.

महिन्याभरानं मुखेडहून एसटीनं ती बोरवाडीच्या फाट्यावर उतरली. आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी. आवाजाला साजेसा निघाला नाही तर? निघाला तर—ते जास्तच अवघड. आणि आजच्या कामाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. एकेक चूक दुरुस्त व्हायची, आणि त्याच्याकडं जायचं एकेक निमित्त मरायचं. हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं करायचं.

पारावर आधारचं मशीन मांडून ऑपरेटर बसला होता. म्हाताऱ्यांची रांग लागली होती. पलीकडं टँकरभोवती घागरींचा कल्लोळ. सिंधु मान वर न करता नावं पुकारू लागली.

"मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "लॉटरी किती लाखाची लागली?"

ती वळली. उन्हानं रापलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, हातात पाण्याचा तांब्या. डोळे मात्र आवाजाइतकेच खट्याळ, आणि आत्ता तिच्याइतकेच घाबरलेले.

"पाणी घ्या," तो म्हणाला. "टँकरचं न्हाई, माठातलं हाय."

तिनं तांब्या घेतला. बोटाला बोट लागलं... दोघांनीही दुसरीकडं बघितलं.

काम सुरू झालं. विठाबाईच्या कार्डाला नातवाचा नंबर. ग्यानोबा तात्या काठी टेकत आले; त्यांना मुलीचा. दर वेळी निवृत्तीच्या मोबाइलवर 'टिंग' व्हायचं, तो आकडे सांगायचा, आणि त्याचा आवाज थोडा बारीक व्हायचा.

शेवटी भामाबाई. मशीननं तिचं एकेक बोट नाकारलं आणि करंगळी तेवढी कशीबशी ओळखली.

"नवा नंबर?" ऑपरेटरनं विचारलं.

"मला कोण हाय बाबा? निवृत्त्याचाच ऱ्हाऊ दे."

"नको, आजी," सिंधु म्हणाली. "तिथं रेंज नसते. तुमच्या बाबतीत मला पुन्हा भ्यायचं नाही."

"मंग तुझा घाल. तू तर हॉस्पिटलातच असतीस."

ऑपरेटरनं सिंधुकडं बघितलं. ती पर्समधला मोबाइल शोधू लागली; गडबडीत स्वतःचाच नंबर तिला आठवेना. तेवढ्यात टँकरापाशी पाइप गुंडाळत असलेल्या निवृत्तीनं, मान वर न करता, मोबाइलला हात न लावता, तिचा नंबर सांगायला सुरुवात केली. सावकाश. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत.

घागरींचा आवाज थांबला. विठाबाईनं पदर तोंडाला लावला.

"तुम्हाला पाठ आहे?" सिंधुचा हात पर्समध्येच राहिला.

त्यानं आता वर बघितलं. खट्याळपणा कुठंच नव्हता, नुसती धडधड.

"एकच नंबर पाठ ऱ्हातो, बाई. ज्याच्यावरून पाणी येतं, त्यो."

भामाबाई गालात हसली. ऑपरेटर बटणावर बोट धरून खोळंबला होता.

"मॅडम, हाच नंबर टाकू? बरोबर आहे ना?"

सिंधुनं तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, एक थेंबही न सांडता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता बदलायचा नाही."