जहाजावरचा दुसरा पलंग

त्या दिवशी रुपरावजी डाखोळे नंदनवनच्या मेडिकलात गेले होते, उलटीच्या गोळ्या आणाले. एवढंच काम. पोरीनं फोनवर सांगितलं होतं, बाबा, जहाज हलते, गोळ्या घेऊन ठेवा. दुकानदारानं विचारलं, किती जणायसाठी? रुपरावजी म्हणाले, दोघायसाठी. पैसे देऊन, पायऱ्या उतरून स्कूटरपर्यंत आल्यावर त्यायच्या ध्यानात आलं का आपण काय बोललो ते. परत नाही गेले. दोघायच्या गोळ्या तशाच खिशात राहिल्या.

राहू दे काजल, बस तू खाली, कूलरमंधी पाणी मंग टाकजो. आज गच्चीवर पान हालून नाही राहिलं, झोप तं कोणालेच येणार नाही. अन् रोहित, तू दात काढू नको. भुताची गोष्ट म्हटलं का तुमाले पिंपळ पायजे अन् उलटे पाय पायजेत. मी सांगून राहिलो ते चौदा मजली जहाजावर झालं, लिफ्ट अन् एसी असलेल्या. अन् ज्याच्यासंग झालं, तो माह्यासंग खापरखेड्याच्या पावर हाऊसमंधी चौतीस वर्षं होता.

बॉयलरच्या कंट्रोल रूममंधला माणूस. आमच्यात त्याले परमिटवाला म्हणत. कागदावर सही असल्याशिवाय त्यानं कधी व्हॉल्व्हले हात लावला नाही. घरी नळवाला आला तरी त्याले विचारे, मेन लाईन बंद केली का, कोणाले सांगितलं का? त्याची बायको भागीरथाबाई पदराआड हासत. म्हणत, या माणसाले सरणावर बी परमिट लागन. बाई मोठी हासरी. काटोलकडची. जाम नदीच्या पलीकडं पाणी पाह्यलं नव्हतं तिनं, अन् समुद्र पाहाची अशी हौस का विचारू नका. टीव्हीवर लाटा दिसल्या का पोळी तव्यावर करपली म्हणून समजा.

म्हणून वैभवीनं, त्यायच्या पोरीनं, लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवसासाठी मायबापायले जहाजाचं तिकीट काढून दिलं. मुंबईहून निघाचं, समुद्रात पाच दिवस, अन् परत. ते नोव्हेंबरातलं. अन् ऑगस्टमंधी भागीरथाबाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

तान्ह्या पोळ्याची रात्र होती. रुपरावजी दवाखान्यात पलंगाजवळ स्टुलावर बसून होते. बाईनं तीनदा पाणी मागितलं. ओठ फाटले होते तिचे. पाण्याची बाटली हातभर अंतरावर होती, अन् पलंगावर पाटी लटकलेली, तोंडाने काही देऊ नये. रुपरावजी म्हणाले, "थांब वं, सकाळी डॉक्टर आले का विचारतो." डॉक्टर चुकला नव्हता, पोट्टेहो. पाटी बी बरोबरच होती. सकाळ तेवढी झाली नाही. पावणेपाचले बाई गेली.

आपल्याकडं मयतीले आलेल्या बाया पह्यलं काय विचारतात? शेवटी तोंडात पाणी पडलं नं? साऱ्याईनं विचारलं. रुपरावजीनं मान हालवली. पाजलं म्हणाले. वैभवीनं ते ऐकलं अन् तिच्या जिवाले थोडा धीर आला, आई तहानेली नाही गेली म्हणून. आता ज्या खोट्यानं पोरीले धीर आला, ते मागं कसं घ्याचं? आयुष्यात एकच खोटं बोलला तो माणूस, अन् तेच त्याले रात्रंदिवस पोखरत राहिलं. जेवताना पाण्याचा गिलास समोर आला का त्याचा घास अडके. मी पाह्यलं नं. मी म्हणो, ठसका लागला का गा? तो म्हणे, हो.

जाणारच नव्हते ते जहाजावर. पण वैभवी अडून बसली. आईच्या नावाचं तिकीट मी रद्द करणार नाही, म्हणे, तिची इच्छा होती, तुम्ही चला. जवाई सुशील बी सोबत निघाले. त्या दोघायची खोली नवव्या मजल्यावर, अन् रुपरावजीची सहाव्यावर. दोघायची खोली, दोन पलंग, अन् माणूस एकटा. साफसफाईची बाई रोज संध्याकाळी दोन्ही पलंगायच्या चादरी उघडून जाये, दोन्ही उशायवर एक एक चॉकलेट ठेवे. रुपरावजीनं एकदा तिले खुणेनं सांगितलं, एकच. तिले समजलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

तिसरा दिवस होता गुरुवार. वीस नोव्हेंबर, कार्तिकातली अमावस्या. सकाळीच कॅप्टनचा आवाज आला का समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, आज दिवसभर जहाज हालन, वरच्या डेकवर कोणी येऊ नका. नऊ वाजेपर्यंत हालाले लागलं बी. जिन्यायले दोऱ्या बांधल्या, पोहाच्या टाक्यावर जाळी टाकली. रस्त्यात कठड्याले कागदाच्या पिशव्या लटकवल्या, उलटीसाठी. काल रात्री नाचणारे लोक आज भिंती धरून चालत होते. वैभवी तं डोकंच वर करे ना. सुशील दुपारी एकडाव खाली आले, दोन पाव अन् एक सफरचंद देऊन गेले, अन् जाताना स्वतःच पिशवी तोंडाशी धरून पळाले.

मंग रुपरावजी पलंगावर पडून राहिले. करणार काय? खिडकीत एकदा नुसतं आभाळ दिसे, एकदा नुसतं पाणी. कपाटातले हँगर खडखड करत. टेबलाचा खण आपोआप उघडे अन् आपोआप लागे. चष्मा पडला, घड्याळ पडलं, पाव घरंगळत दाराशी गेले. उचलाले कोण उठते? ते मनात म्हणत होते, बरं झालं भागीरथा नाही आली, तिले हे सोसलं नसतं. असं म्हणाचे अन् रडाचे. एकटा माणूस, अडवाले कोणी नाही. दुपारभर रडले.

सहाले अंधार पडला. दिवा त्यायनं लावला नाही.

सात वाजून गेले असतील. हँगरचा आवाज बंद झाला. जहाज तं तसंच हालून राहिलं होतं… पण हँगर गप. खण गप. रुपरावजीनं मान वळवली.

दुसऱ्या पलंगावरचं पांघरूण उंच दिसलं. कोणी भिंतीकडं तोंड करून निजते, तसं.

त्यायले वाटलं, उशी असन.

उशी असन…

पांघरूण हाललं. श्वास घेतल्यासारखं. वर. खाली.

अन् आवाज आला. कोरडा, फाटलेल्या ओठायचा.

"अहो… पाणी द्या नं."

भेव वाटलं रुपरावजीले, मी खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं ज्या बाईच्या बाजूले निजले, तिचंच भेव. दार सहा पावलायवर होतं. उघडलं असतं तं बाहेर उजेड होता, माणसं होती.

पुन्हा आवाज आला. "पाणी…"

मंग तिसऱ्यांदा येणार, हे त्यायले समजलं. अन् तिसऱ्याच्या नंतर काय झालं होतं, तेही.

ते उठले.

पाण्याची बाटली बेसिनजवळ. अंधारात चाचपडत गेले. गिलास भरला. दोन पावलं टाकली, जहाज कलंडलं, सारं पाणी अंगावर सांडलं. पुन्हा गेले. पुन्हा भरला. या डाव गुडघ्यावर आपटले, गिलास हातात राहिला, पाणी नाही. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. तेवढं ओतलं. गिलासावर तळहात ठेवला. अन् त्या साठीपारच्या माणसानं, फरशीवर बसून, सरकत सरकत दुसरा पलंग गाठला.

हात पुढं केला. पांघरुणाखाली मान होती. वजन होतं तिले. त्यायनं मान उचलली. गिलास लावला.

"पी वं भागीरथा. आता म्या कोणालेच नाही विचारलं."

गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज आला. एक. मंग दुसरा. मंग गिलास रिकामा झाला.

…

ते तसेच बसून राहिले. हात मानेखाली. हात हळूहळू हलका होत गेला. मंग नुसती उशी होती. कधी डोळा लागला, त्यायले नाही माहीत.

सकाळी समुद्र शांत. वैभवी दार ठोकून ठोकून थकली, शेवटी त्या सफाईवाल्या बाईकडून उघडून घेतलं. बाप दोन पलंगायच्या मधात फरशीवर निजलेला. चष्मा एकीकडं, घड्याळ एकीकडं, पाव तुडवलेले, बाटली रिकामी, सारी खोली विस्कटलेली. तिनं त्यायले उठवलं, तं पह्यलं वाक्य ते हेच बोलले, "बाई, तुह्या मायले म्या त्या रात्री पाणी नाही पाजलं. मी खोटं बोललो." अन् मंग रात्रीचं सारं सांगितलं, लहान लेकरासारखं हुंदके देत. वैभवीनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं अन् दोघंही रडले. हे मले वैभवीनंच सांगितलं. अन् पुढचं बी तिनंच. रुपरावजी पुढचं सांगत नाहीत, त्यायच्यानं सांगवत नाही.

बापाले पाणी द्यावं म्हणून ती उठली. उशाच्या टेबलाकडं वळली, अन् थांबली. त्या टेबलावरचं एकूणएक सामान रात्री खाली पडलं होतं. तिथं एक गिलास उभा होता, वर बशी झाकलेली. जशी आपल्याकडं बाया रात्री नवऱ्याच्या उशाशी पाणी झाकून ठेवतात, तशी. सुशीलनं ठेवला नव्हता. सफाईवाली आताच आत आली होती. अन् रुपरावजीची बाटली तं रात्रीच रिकामी झाली होती.

वैभवीनं बशी उचलली. गिलास काठोकाठ भरला होता, अन् टेबलावर पाण्याचा एक थेंब नव्हता.